ब्लॉक चाळीस टक्केच, पण नसेची भिंत सुजलेली

पत्र

माझे वय ५४, गाव निपाणीपासून सात-आठ किलोमीटरवर. शुगर लागून अकरा वर्षे झाली. चढावर दम लागतो म्हणून थोरल्याने कोल्हापुरात नेऊन हृदयाची सीटी अँजिओग्राफी करून आणली. डाव्या बाजूच्या मोठ्या नसेत ४० टक्के ब्लॉक आहे म्हणतात, कॅल्शियम स्कोअर ८६. रक्तात एचएस-सीआरपी ६.८ आली. डॉक्टर म्हणाले, "नसेला आतून सूज आहे." माझ्या तर पायालासुद्धा सूज नाही. रोसुव्हास्टॅटिन २० ची गोळी दिली होती. महिनाभर घेतली, त्रास काही नव्हता, पण जाऊबाई म्हणाल्या की तिने शुगर वाढते आणि किडनी जाते, म्हणून बंद केली. आमच्या मालकांचा अंगठा युरिक अ‍ॅसिडने सुजतो. त्यांची कोल्चिसिनची गोळी हृदयाच्या सुजेवर चालते असे मोबाइलवर पाहिले, ती घेऊ का? की हळदीच्या दुधाने सूज उतरेल? आणि चाळीस टक्के आहे तोवरच स्टेंट घालून मोकळे व्हावे का? तरुणपणी तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, तेव्हापासून मिश्री आहे, दिवसातून तीनदा लावते. हिरड्यांतून रक्त येते, पण ते जुनेच आहे. रिपोर्टांची झेरॉक्स जोडली आहे.

ता. क. धाकटा भाऊ ४६ चा, त्यालाही शुगर. त्याने ही सीआरपी करून घ्यावी का?

उत्तर

ताई,

आधी तातडीचे. मालकांची कोल्चिसिन घेऊ नका. बंद केलेली गोळी पुन्हा सुरू करायला याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. स्टेंटची आज गरज दिसत नाही. आणि हिरड्यांचे रक्त 'जुनेच' म्हणून तुम्ही एका ओळीत उरकले आहे, ते तसे सोडून देण्यासारखे मुळीच नाही. आता एकेक पाहू.

पायाची सूज म्हणजे साठलेले पाणी. बोटाने दाबले की खळगा पडतो. डॉक्टर म्हणाले ती सूज निराळी. पायात काटा मोडला की जागा लाल होते, ठणकते, कधी पू धरते, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात. तसाच दाह नसेच्या भिंतीत वर्षानुवर्षे धुमसत राहू शकतो. तो ठणकत नाही आणि वरून दिसतही नाही, इतकाच फरक.

नसेला आतून एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते. रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण त्या अस्तराखाली शिरतात, तिथेच अडकतात आणि खराब होतात. शरीराला ते परके वाटतात. पांढऱ्या पेशी त्यांना गिळायला येतात, गिळून गिळून फुगतात आणि जागच्या जागी मरतात. मग तिथे तेलकट लगदा साचतो आणि शरीर त्यावर तंतूंचे आवरण घालते. याला प्लाक म्हणतात. पुरणपोळी डोळ्यांसमोर आणा. पारी चांगली जाड असेल तर पुरण भरपूर असले तरी पोळी तव्यावर टिकते. पारी पातळ आणि पुरण सैल असले की उलटताना फुटते. दाह नेमकी ही पारी कुरतडतो, कारण सुजेतल्या पेशी जी विकरे (एन्झाइम) सोडतात त्यांनी आवरणाचे तंतू विरघळत जातात. फुटलेल्या प्लाकचे आवरण बहुधा ६५ मायक्रॉनपेक्षाही पातळ आढळते, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा जाड नाहीच. ते फाटले की आतला लगदा रक्ताला लागतो, रक्त ती जखम समजून गुठळी धरते आणि काही मिनिटांत चाळीस टक्क्यांची नस शंभर टक्के बंद होते. पुष्कळ हार्ट अटॅक अशाच नसांत येतात, ज्या आदल्या दिवसापर्यंत अर्ध्यासुद्धा बंद नव्हत्या. म्हणून 'चाळीस म्हणजे काही नाही' असे म्हणू नका आणि 'चाळीस म्हणजे आता साठ, मग ऐंशी' असे हिशेबही करत बसू नका. टक्का फक्त नळी किती अरुंद झाली ते सांगतो. पारी किती जाड आहे, ते सांगत नाही.

मधुमेहात ही भिंत जास्त सुजते, त्याची कारणे ठोस आहेत. रक्तात साखर जास्त राहिली की ती भिंतीतल्या प्रथिनांना चिकटते आणि असे चिकटलेले पदार्थ दाह पेटवतात. अस्तर स्वतःला मऊ, निसरडे ठेवण्यासाठी नायट्रिक ऑक्साइड बनवते, ते कमी पडते. रक्तातल्या चपट्या पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, लवकर चिकटू लागतात. पोटाच्या आतली चरबी दाहाचे संदेश रक्तात सोडत राहते. शिवाय मधुमेहात एलडीएलचे कण लहान आणि दाट होतात, अस्तराखाली सहज शिरतात. त्यामुळे तुमचे एलडीएल ११८ 'फार नाही' असे वाटले, तरी कणांची संख्या त्या आकड्याच्या मानाने जास्त असते.

हे घरच्या घरी कळायला एक वजाबाकी करा. तुमचे एकूण कोलेस्टेरॉल १९६, त्यातून चांगले, म्हणजे एचडीएल ३६ वजा केले की उरते १६०. याला नॉन-एचडीएल म्हणतात. अस्तराखाली शिरू शकणारा सगळा माल यात धरला जातो. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, तुमच्यासारखे २१० असले की एलडीएलपेक्षा हाच आकडा जास्त खरा मानावा. मधुमेहींसाठी तो १०० च्या आत हवा आणि एलडीएल ७० च्या आत. नसेत प्लाक प्रत्यक्ष दिसला असेल तर पुष्कळ हृदयरोगतज्ज्ञ एलडीएल ५५ च्या आत आणा म्हणतात, आणि तुमची अकरा वर्षांची शुगर पाहता आमचेही मत तेच आहे. कुठे १६० आणि कुठे १००! तुमच्या रिपोर्टात पहिला दुरुस्त करायचा आकडा हाच, सीआरपी हा दाहाचा आकडा त्याच्या मागोमाग.

आता सीटीचा रिपोर्ट. त्यात ४० टक्क्यांच्या पुढे 'नॉन-कॅल्सिफाइड' हा शब्द आहे, मुलाला दाखवायला सांगा. कॅल्शियम धरलेला प्लाक कडक, मुरलेला असतो. कॅल्शियम न धरलेला मऊ असतो आणि तुमचा तोच आहे. खाली 'कॅड-रॅड्स २' असे लिहिले आहे, म्हणजे २५ ते ४९ टक्क्यांच्या गटातला. 'लो अ‍ॅटेन्युएशन', 'पॉझिटिव्ह रीमॉडेलिंग', 'नॅपकिन रिंग' हे शब्द आढळले तर समजावे की पुरण सैल आहे. तुमच्या रिपोर्टात ते नाहीत, ही चांगली गोष्ट. स्कॉटलंडमध्ये ४,१४६ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे पाच वर्षांचे निकाल २०१८ मध्ये आले. सीटी केलेल्या गटात हृदयविकाराने मृत्यू किंवा अटॅक २.३ टक्के लोकांना आला, न केलेल्या गटात ३.९ टक्क्यांना. पाच वर्षांच्या शेवटी स्टेंट आणि बायपास दोन्ही गटांत जवळपास सारखेच झाले होते. फरक पडला तो प्रामुख्याने प्लाक दिसल्यावर वेळेत सुरू झालेल्या गोळ्यांनी. तुम्ही एवढा खर्च करून सीटी केली आणि तिचा खरा उपयोग असलेली गोळीच बंद केली, हे आम्हांला सगळ्यात जास्त लागले.

स्टेंटचे थोडक्यात. स्टेंट अरुंद जागा रुंद करतो. तुमच्या नसेत रक्त अडत नाही, त्यामुळे रुंद करायला काही नाही, आणि उरलेल्या सगळ्या नसांच्या भिंती तो बरी करत नाही. मधुमेहात प्लाक एका जागी न राहता लांबवर पसरतो, त्यामुळे तर हे आणखी खरे. ब्लॉक मोठा पण त्रास स्थिर, अशा ५,१७९ रुग्णांवर झालेल्या 'इस्केमिया' अभ्यासातसुद्धा (निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध) आधी स्टेंट-बायपास करून मृत्यू किंवा अटॅक कमी झाले नाहीत. छातीत दुखणे मात्र कमी झाले. चालू अटॅकमध्ये स्टेंट जीव वाचवतो, ती गोष्ट वेगळी.

मग दम कशाने लागतो? तुमच्या झेरॉक्सच्या दुसऱ्या पानावर हिमोग्लोबिन ९.८ आहे, त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेले नाही. चढावर दम लागायला एवढे पुरते. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासून घ्या, लोह का कमी पडले त्याचा शोध घ्या. मासिक पाळी थांबली असेल तर पोटातून कुठे रक्त जात नाही ना, हे पाहणे आवश्यक. आणखी एक बाब: लोह कमी असले की तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीए१सी, खऱ्यापेक्षा थोडी जास्त दिसू शकते. तेव्हा ८.१ या आकड्याबरोबर घरच्या मीटरवर सकाळची उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर आठवडाभर लिहून न्या. रक्त भरून आल्यावरही दम लागला तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावी. मोठ्या नसा मोकळ्या असूनही बारीक नसांत रक्त कमी पडणे हा प्रकार स्त्रियांत आणि मधुमेहात नेहमी आढळतो.

आता गोळी. जाऊबाई म्हणाल्या त्यातला अर्धा भाग खरा आहे. रोसुव्हास्टॅटिन ज्या गटातली आहे त्या स्टॅटिन गोळ्यांनी शुगर किंचित वाढते, पण एचबीए१सीच्या भाषेत ती वाढ साधारण दशांशाच्या घरातली असते, म्हणजे ८.१ ची ८.२ किंवा थोडी पुढे. त्याच्या समोर काय मिळते ते ठेवा. मधुमेह असलेल्या १८,६८६ लोकांचे एकत्र आकडे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. एलडीएल दर ३९ अंकांनी उतरले की अटॅक, पक्षाघात, स्टेंट-बायपास असे मोठे प्रसंग सुमारे २१ टक्क्यांनी कमी होतात. २० मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिनने एलडीएल साधारण निम्मे होते. तुमचे ११८ चे साठच्या आसपास येईल, म्हणजे ३९ ची दीड पायरी. शिवाय स्टॅटिन सीआरपी उतरवते आणि प्लाकची पारी जाड करते. दाहावर इतका पुरावा असलेली, इतकी स्वस्त गोळी दुसरी नाही. जनऔषधी केंद्रातली चालते.

किडनीचे म्हणाल तर स्टॅटिनने किडनी जात नाही. किडनी आधीच खूप खराब असेल तर रोसुव्हास्टॅटिन १० च्या वर देत नाहीत, एवढेच. तुमचे क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा आकडा, ०.९ म्हणजे ठीक आहे. आपल्या आशियाई लोकांच्या रक्तात ही गोळी पाश्चात्त्यांपेक्षा जास्त चढते, म्हणून डॉक्टरांनी १० पासून सुरुवात करून नंतर वाढवली तर गोंधळू नका. वेळ कोणतीही चालते, पण रोज एकच ठेवा. पित्ताचे पातळ औषध लागलेच तर ते गोळीनंतर दोन तासांनी. सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी लिपिड, म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी, आणि लिव्हरची एएलटी पुन्हा करा. एएलटी नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट झाली तरच काळजी. दोन्ही मांड्या-दंड एकदम दुखू लागले, लघवी चहासारखी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठा, हे क्वचित घडते. सुरू करण्याआधी थायरॉइड एकदा तपासून घ्या. थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉलही वाढते आणि स्टॅटिनने अंगही जास्त दुखते.

एवढे करूनही ५५ च्या आत आले नाही तर गोळी दुप्पट करण्याचा आग्रह धरू नका. स्टॅटिन दुप्पट केली तर एलडीएल आणखी सहा टक्केच उतरते. त्यापेक्षा एझेटिमाइब ही दुसऱ्या प्रकारची कोलेस्टेरॉलची गोळी १० मिलिग्रॅम जोडली तर आणखी सुमारे वीस टक्के उतरते. आणि पुढे कधी कॅल्शियम स्कोअर, म्हणजे नसांत साठलेल्या कॅल्शियमचा आकडा, केला आणि ८६ चा ११० झाला, तर घाबरू नका. स्टॅटिनने मऊ प्लाक कडक होतो, त्यात स्कोअर वाढतो. म्हणूनच दरवर्षी तो करण्यात अर्थ नाही.

कोल्चिसिनबद्दल मोबाइलवर पाहिलेले अगदीच खोटे नाही, पण ते तुमच्यासाठी नाही. दाह उतरवला की अटॅक कमी होतात, हे पहिल्यांदा पक्के सिद्ध झाले २०१७ मध्ये. दहा हजारांवर रुग्णांना, ज्यांना आधी अटॅक येऊन गेला होता आणि सीआरपी २ किंवा जास्त होती, कॅनाकिनुमॅब नावाचे इंजेक्शन दिले. कोलेस्टेरॉल जागचे हलले नाही, तरी मोठे प्रसंग सुमारे १५ टक्क्यांनी घटले. पण जंतुसंसर्गाने दगावणारे वाढले, म्हणून ते इंजेक्शन हृदयासाठी वापरात आले नाही. कोल्चिसिन ०.५ मिलिग्रॅम रोज, अटॅकनंतरच्या ४,७४५ रुग्णांत २०१९ मध्ये उपयोगी ठरली, जुना हृदयविकार असलेल्या ५,५२२ रुग्णांत २०२० मध्येही. मग २०२४ मध्ये सात हजारांवर रुग्णांचा मोठा अभ्यास आला आणि त्यात अटॅकनंतर काहीच फायदा दिसला नाही. म्हणजे ज्यांना अटॅक येऊन गेला त्यांच्यातही अजून वाद आहे. तुम्हाला अटॅक आलेला नाही. त्यात ही गोळी जुलाब करते, किडनी कमजोर असेल तर अंगात साठते, आणि खोकल्या-तापाला दिले जाणारे क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बीपीचे व्हेरापामिल, डिल्टियाझेम सोबत घेतले तर विषारी ठरू शकते. मालकांची पट्टी मालकांपाशीच राहू द्या.

इथे एक इशारा. 'सूज' हा शब्द ऐकून लोक मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घेतात, किंवा सांधेदुखीवर आठवडी बाजारात मिळणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पुड्या. पहिल्या गोळ्यांनी अटॅकचा धोका वाढतो आणि मधुमेहीची किडनी खरोखर जाते. पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते, त्याने दोन दिवसांत बरे वाटते आणि शुगर तीनशेवर जाते. अंग दुखले तर पॅरासिटामॉल. हळदीचे दूध बिनसाखरेचे अर्धा कप खुशाल घ्या. हळदीत कुरकुमिन जेमतेम तीन टक्के असते आणि त्यातलेही फार थोडे रक्तात उतरते, तेव्हा त्यावर नसेची भिंत सोपवता येणार नाही. त्याच्या कॅप्सूल मात्र नकोत. मिरीच्या अर्कासोबत दिलेल्या कॅप्सूलनी काही जणांचे लिव्हर सुजले आहे.

आता सीआरपीचा ६.८. आधी एकक पाहा. तुमच्या कागदावर मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. काही लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर लिहितात, तिथे हाच आकडा ०.६८ दिसेल आणि माणूस उगाच खूश होईल. लिटरच्या मापात १ च्या आत धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेली तर हृदयाचा विचार बाजूला ठेवून आधी ताप, लघवीचा संसर्ग, दात, जखम शोधायची. सीआरपी यकृतात बनते, अंगात कुठेही दाह असला की वाढते. धूर दिसतो, पण चूल कोणत्या घरात पेटली आहे ते धुरावरून सांगता येत नाही. त्यामुळे एका आकड्यावर निर्णय नको. सर्दी-ताप, चिकुनगुनिया नसताना, निदान दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करतात. उपाशीपोटी जायची गरज नाही. 'एचएस' अक्षरे असलेलीच करा, साधी सीआरपी इतके बारीक मोजत नाही.

आणि तुमच्या बाबतीत तो धूर कुठून येतो, त्यातले एक घर तर तुम्हीच दाखवले आहे.

आरशासमोर खालचा ओठ ओढून पाहा. निरोगी हिरडी फिकट गुलाबी, दाताला घट्ट बसलेली, टोकाला निमुळती असते. मिश्रीने ती काळपट होते, त्यामुळे लाली दिसत नाही. म्हणून रंगावर न जाता कडा पाहा. कडा जाड, फुगीर असेल, दाबल्यावर रक्त किंवा पांढुरके पाणी येत असेल, दात लांब झाल्यासारखे दिसत असतील, तर हिरडी दातापासून सुटून आत कप्पे झाले आहेत. प्रत्येक कप्प्याची आतली बाजू म्हणजे उघडी जखम. सगळ्या दातांभोवतीचे कप्पे उलगडून मांडले तर अनेक चौरस सेंटिमीटरची जखम होईल. तेवढी जखम पिंढरीवर असती तर तुम्ही त्याच दिवशी दवाखाना गाठला असता. तोंडात ती वर्षानुवर्षे राहते, रोज जंतू रक्तात सोडते, शुगर वर ढकलते. आणि शुगर वर गेली की हिरडी आणखी सुजते. हे दोन्हीकडून चालते. हिरड्यांवर नीट उपचार केले की एचबीए१सी सरासरी ०.४ ने खाली येते, म्हणजे शुगरच्या एखाद्या हलक्या गोळीच्या जवळपास.

दंतवैद्याकडे नुसते 'दात साफ करा' म्हणू नका. 'मला शुगर आहे, हिरडीचे कप्पे मोजा' म्हणा. ४ मिलिमीटर किंवा जास्त खोल कप्पे असले तर वरवरच्या सफाईबरोबर मुळांचीही सफाई लागते, ती दोन ते चार बैठकांत होते. सफाईनंतर दात हलतात ही भीती सगळ्यांना असते. दात आधीच सैल झालेले असतात, कडक किटणाने नुसते एकमेकांना धरलेले. किटण काढल्यावर ते सैलपण जाणवते, हिरडी आवळली की बरेचसे कमी होते. सकाळी नाश्ता आणि शुगरची गोळी घेऊन जा, उपाशी जाऊ नका. सफाईनंतर काही दिवस सीआरपी उलट वाढते, म्हणून पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी, लिपिडच्या वेळीच करा. घरी मऊ ब्रश, केस हिरडीच्या कडेला तिरके धरून, रात्री झोपण्यापूर्वी न चुकता. दातांच्या फटींत छोटा फटींचा ब्रश.

पण मिश्री चालू ठेवून हे सगळे वाया जाईल. पुडीतली असो की घरी तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली, मिश्री म्हणजे तंबाखूच. ती हिरडीवर चोळली की निकोटिन थेट रक्तात जाते, नसा आवळतात, बीपी आणि नाडी चढते. निकोटिनने हिरडीतले रक्त कमी होते, त्यामुळे रोग असूनही रक्त कमी येते. मिश्री सोडल्यावर सुरुवातीला रक्त वाढल्यासारखे वाटले तर घाबरून पुन्हा डबी हातात घेऊ नका. निपाणी भागात वखारीत काम केलेल्या किती बायकांना ही सवय आहे, हे वेगळे सांगायला नको. हा दोष तुमचा नाही, पण सोडणे तुमच्याच हाती आहे.

तीन वेळांपैकी दुपारची आधी सोडा, मग आठवड्याने रात्रीची. सकाळची सगळ्यात अवघड, कारण ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही अशी शरीराला सवय लागलेली असते. तिच्यासाठी एक तारीख ठरवा. आदल्या रात्रीपासून कोमट पाण्यात दोन चमचे इसबगोल सुरू करा, सकाळी उठल्यावर दोन तांबे कोमट पाणी. पहिले दोन-तीन दिवस डोके दुखेल, चिडचिड होईल. दोन ते चार आठवड्यांत ते निवळते. तल्लफ आली की ती काही मिनिटेच टिकते, तेवढ्यात बडीशेप चावा, अंगणात चक्कर मारा. डबी घरात ठेवू नका, जाऊबाईंचीही नको. जमत नसेल तर १८००-११-२३५६ या तंबाखूमुक्तीच्या मोफत क्रमांकावर फोन करा, किंवा डॉक्टरांना निकोटिनच्या पट्टीबद्दल विचारा. हिरड्या दुखऱ्या असताना निकोटिनचा च्युइंगम त्रास देतो.

शुगरची घाई मात्र करू नका. ८.१ वरून ७ च्या आसपास, सहा महिन्यांत, मध्ये शुगर घसरू न देता. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात २००८ मध्ये शुगर फार जोरात खाली आणलेल्या गटात मृत्यू वाढले, म्हणून तो भाग मध्येच थांबवावा लागला होता. डॉक्टरांना विचारा की एम्पाग्लिफ्लोझिन-डापाग्लिफ्लोझिन गटातली गोळी किंवा लिराग्लुटाइड-सेमाग्लुटाइड गटातले इंजेक्शन माझ्यासाठी योग्य आहे का. दुसऱ्या गटाने वजन आणि सीआरपी दोन्ही उतरतात, अटॅकही कमी होतात. पहिल्या गटाची गोळी घेत असाल तर उलटी-जुलाब आणि कडक उपासाच्या दिवशी ती डॉक्टरांना विचारून थांबवायची. बीपी १३०/८० च्या आत. वर्षातून एकदा लघवीतले अल्ब्युमिन, म्हणजे लघवीतून प्रथिन जाते का, तपासा. अ‍ॅस्पिरिन स्वतःहून सुरू करू नका, हिमोग्लोबिन ९.८ असताना तर नाहीच.

जेवणात फार उलथापालथ नको. जोंधळ्याच्या दोन मध्यम भाकरी, भात एक वाटी, आणि तोही हुलग्याच्या सारासोबत किंवा मुगाच्या उसळीनंतर. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर, भज्यांचे उरलेले तेल पुन्हा तापवू नका. जवस आणि कारळाची चटणी दोन चमचे रोज. गुळाला सवलत नाही, तोही साखरच. प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे हे सकाळच्या एका लांब फेरीपेक्षा शुगरला जास्त मानवते.

शेवटी, ज्यात चूक झालेली परवडणार नाही ते. मधुमेहात मज्जातंतूंच्या संवेदना बोथट होतात, त्यात तुम्ही स्त्री. अटॅक आला तर छातीत कळ येईलच असे नाही. अचानक दम, गार घाम, जबड्यात किंवा दोन्ही खांद्यांच्या मधोमध आवळल्यासारखे, मळमळ, पोटाच्या वरच्या भागात जळजळ, हे दहा-पंधरा मिनिटे टिकले की 'पित्त झालंय' म्हणत सोडा पिऊन पडून राहू नका. १०८ ला फोन करा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅम चावून घ्या. म्हणून गोळी घरात आणून ठेवणे आणि ती तुम्हाला चालते का हे डॉक्टरांना विचारून ठेवणे, दोन्ही आत्ताच. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पंचाहत्तर, ही चर्चा घरात करत बसू नका. जिथे ईसीजी लगेच निघेल ते सर्वांत जवळचे ठिकाण पहिले. कर्नाटक सरकारच्या पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजनेत तालुका रुग्णालयांत ईसीजी आणि गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन मोफत मिळते. ती सोय निपाणीत की चिकोडीत, रात्रीही असते का, हे थोरल्याला याच आठवड्यात प्रत्यक्ष जाऊन विचारून यायला सांगा. सीटीचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी आणि आधीचा एक ईसीजी एका पिशवीत दाराजवळ टांगून ठेवा. जुना ईसीजी शेजारी असला की नवा वाचणाऱ्याला फरक पटकन दिसतो.

तुमच्या भावाबद्दल. सीआरपीपासून सुरुवात नको. वय चाळीसच्या पुढे आणि शुगर, एवढ्यावरच त्याला स्टॅटिनची गरज ठरते, सीआरपी कितीही येवो. त्याने आधी लिपिड, एचबीए१सी, क्रिएटिनिन, लघवीतले अल्ब्युमिन आणि बीपी पाहावे. गोळी घ्यायला तो का-कू करत असेल तर कॅल्शियम स्कोअर करून घेता येईल. शून्य आला तरी मधुमेहीला पूर्ण सूट मिळत नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा. आणि तो तंबाखू खातो का, ते तुम्ही लिहिलेले नाही. खात असेल तर तुमची तारीख आणि त्याची तारीख एकच ठरवा.